माझा हात थरथरत नाही

नांदेड,
गुरुवार, ता. २४ मार्च १९८३

आदरणीय देविदासमामांना,
विशाखाचा सविनय जयभीम.

तुमचा उजवा गुडघा, मामींचा दमा आणि बबनचे गणित या तिन्हींत सुधारणा असेल असे धरून चालते. गेल्या पत्रात तुम्ही तिन्हींपुढेही 'आहे तसेच' असा एकच शेरा मारला होता, आणि त्यावरून नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळून तुमची भाषा कशी झाली आहे ते कळले. लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले तरी तुम्ही पाकिटावर 'जि. लातूर' लिहून त्याखाली दोन रेघा ओढता, हे पोस्टमनच्याही ध्यानात आले आहे. (तो म्हणाला, "तुमच्या मामांनीच जिल्हा आणला काय?" मी हो म्हटले.) माझी प्रकृती उत्तम आहे. वजन बेचाळीस किलो, ताप नाही, भूक नियमित. हे एवढे तपशिलाने लिहिते, कारण दादांकडून तुम्हाला बहुधा याच्या उलट कळले असेल.

घडले ते असे. आमच्या कॉलेजने मुरुडला, वडील म्हणून दादांच्या नावे, एक छापील पत्र पाठवले. त्याचा मजकूर मला पाठ आहे. 'आपली पाल्य कु. विशाखा किशन सोनकांबळे, बी.एस्सी. तृतीय वर्ष, हिला तीव्र स्वरूपाची परीक्षा-चिंता असल्याचे शास्त्रीय चाचणीत आढळून आले आहे. तरी तिला यंदा वार्षिक परीक्षेस बसवावे किंवा कसे, याचा पालकांनी विचार करावा. बसवायचे असल्यास सोबतचे संमतीपत्र सही करून ३१ मार्चपर्यंत कार्यालयात पोहोचवावे, अन्यथा परीक्षेचा अर्ज पुढे पाठवला जाणार नाही.' पत्त्यावर कॉलेजने 'मुरुड, जि. उस्मानाबाद' असे लिहिल्यामुळे पत्र हिंडून नऊ दिवसांनी मुरुडला पोहोचले. (आमच्या कार्यालयापर्यंत तुमचा जिल्हा अजून आलेला नाही.) दादा दुसऱ्याच दिवशी कंडक्टरची ड्यूटी बदलून घेऊन नांदेडला हजर. येताना त्यांनी आईने दिलेली शेंगांची चटणी आणि कोण्या वैद्याकडून घेतलेली ब्राह्मीच्या तेलाची बाटली आणली होती. त्यांनी वसतिगृहाच्या फाटकात माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाई, वरीस गेलं तर जाऊ दे. डोकं जाया नको." मी सांगितले की डोके जागेवर आहे. ते म्हणाले, "तसंच वाटतंय ना तुला?" ते संमतीपत्र सही न करता खिशात घालून परत गेले. रागावले नाहीत. रागावले असते तर मला वाद घालता आला असता.

आता ही शास्त्रीय चाचणी काय होती ते सांगते. आमच्याकडे मानसशास्त्राला प्रा. महादेवप्पा हिप्परगे म्हणून आहेत. माणूस वाईट नाही, अंगाने मोठा, आवाजाने लहान. ते 'परीक्षा-चिंता आणि लिंगभेद' या विषयावर पीएच.डी. करतात, म्हणजे परीक्षेला मुले जास्त घाबरतात की मुली, हे शोधतात. त्यासाठी फेब्रुवारीत त्यांनी विज्ञान शाखेचे एकशे बारा विद्यार्थी घेतले, चौसष्ट मुलगे आणि अठ्ठेचाळीस मुली. आधी सर्वांना एक प्रश्नावली दिली. पहिलाच प्रश्न, 'परीक्षा जवळ आली की तुमची झोप लवकर मोडते काय?' आमच्या वसतिगृहाचे नळ जानेवारीपासून बंद आहेत. टँकर पहाटे साडेपाचला येतो आणि प्रत्येकीला दोन बादल्या मिळतात, त्या आपापल्या मजल्यावर नेऊन ठेवायच्या. मुलांच्या वसतिगृहात हौद आहे व तो भरायला माणूस आहे. तेव्हा झोप कोणाची मोडते? 'तोंडाला कोरड पडते काय?' यंदा गोदावरीच्या तोंडाला कोरड पडली आहे, तिलाही प्रश्नावली द्यायला हवी होती. 'पेपर चालू असताना पाणी पिणे टाळता काय?' टाळतो. कॉलेजातल्या मुलींच्या मुतारीला पाण्याअभावी कुलूप आहे, सकाळी साडेदहापासून पाचपर्यंत. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींनी तिन्ही ठिकाणी 'होय' लिहिले आणि हिप्परगे सरांनी ते सगळे चिंतेच्या खात्यात टाकले. तरी मी गप्प बसले होते. प्रश्नावली हे काही उपकरण नव्हे.

पण दुसरा भाग उपकरणाचा होता, आणि तिथे मी गप्प बसू शकत नाही. कॉलेजच्या आधी मला लातूरच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला घालण्यासाठी तुम्ही दादांशी चार महिने अबोला धरला होता, तो मी वाया जाऊ देणार नाही. उपकरणाचे नाव हस्त-स्थैर्य-मापक. एक पितळी पट्टी, तीत नऊ भोके, मोठ्यापासून लहान होत गेलेली. हातात एक पितळी सळई पेनासारखी धरायची आणि प्रत्येक भोकात पंधरा सेकंद अशी स्थिर ठेवायची की ती कडेला टेकणार नाही. सहा व्होल्टच्या बॅटरीची एक तार पट्टीला, एक सळईला. सळई कडेला टेकली की मंडल पूर्ण होऊन घंटा वाजते. जितक्या वेळा वाजली तितका हात थरथरला, जितका हात थरथरला तितकी चिंता. (सुरू करण्यापूर्वी सर स्टॉपवॉच हातात घेऊन "वार्षिक परीक्षेला दोनच महिने उरले आहेत, हे लक्षात ठेवा" असे हळू आवाजात सांगत. परीक्षेचे वातावरण तयार व्हावे म्हणून.) माझ्या वेळी घंटा सत्तावीस वेळा वाजली. मामा, सळई भोकाच्या बरोबर मध्ये असताना ती वाजत होती, मला डोळ्यांनी दिसत होते. मी तसे सांगितले. सरांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिले. मी उलटा कागद वाचू शकते. 'विद्यार्थिनी वाद घालते. (चिंतेचे लक्षण.)' असे लिहिले होते.

निष्कर्ष फलकावर लागला. मुलगे सरासरी चार, मुली सरासरी एकोणीस. वीसच्या वर तो 'तीव्र'. असे शेहेचाळीस निघाले, एक्केचाळीस मुली आणि पाच मुलगे. खाली टीप होती की स्त्रिया स्वभावतः अधिक चिंतातुर असतात, आणि पाच मुलग्यांबाबतचे कारण अज्ञात आहे. मी टीप वाचत असताना त्या पाचांतला एक माझ्या शेजारी उभा होता, अवतारसिंग. हा आमच्या वर्गात भौतिकशास्त्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकासमोर जांभई दिलेला मुलगा. चाचणीत त्याची घंटा चोवीस वेळा वाजली होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मेरेकु कायकी घबराट? भूक लगी थी, बस." आणि त्याने फलकावरच्या आपल्या नावावर बोट ठेवले. तेव्हा मला त्याच्या मनगटातले कडे दिसले. मग उरलेले चार कोण ते पाहिले. तेही सरदारच. मग मी माझ्या स्वतःच्या मनगटाकडे पाहिले.

याचे कारण पारूबाई, आमच्या वसतिगृहातल्या सेविका. टँकरवर बादल्या ओढताना काचेच्या बांगड्या फुटतात आणि हाताला लागतात. जानेवारीच्या शेवटी तर रोज कोणाला ना कोणाला टिंक्चर लावायची पाळी. म्हणून आम्ही बांगड्या काढून ठेवल्या. तर पारूबाईंना ते सहन होईना. "मोकळ्या हातानं हिंडू नका गं पोरींनो, बरं दिसत न्हाई," असे रोज दोन वेळा. शेवटी त्यांनीच गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानातून स्टीलच्या पातळ कड्यांचा एक जुडगा आणला आणि आम्हांला वाटला. फुटत नाही, गंजत नाही, हात मोकळा दिसत नाही. अठ्ठेचाळीस मुलींपैकी एक्केचाळीस जणींच्या हातात तेच कडे. (सात जणी गावातून येतात. त्यांच्या हातात काच होती किंवा काहीच नव्हते. त्यांच्या घंटा तीन ते पाच.) वायरमन असून मी धातू घालून विजेच्या उपकरणाला हात लावला, ही चूक माझी आहे आणि ती मी कबूल करते. सहा व्होल्टला काही होत नाही, पण नियम तो नियम.

मंगळवारी दुपारी मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घेऊन मानसशास्त्र विभागात गेले. सर वर्गावर होते. तिथले शिपाई व्यंकटी यांनी कपाट उघडून दिले. पाच मिनिटांत सापडले. सळई मूळची सहा इंचांची, कधीतरी मोडून साडेतीन इंच उरलेली, त्यामुळे मनगट थेट पट्टीवर येते. सळईच्या शेपटाला जिथे तार जोडली आहे तिथले रबर दीड इंच उडालेले, आणि ती उघडी तार बरोबर मनगटावर पडते. मनगटात कडे असेल तर ते वरून उघड्या तारेला लागते, खालून पट्टीला. सळई भोकाच्या मधोमध, हात दगडासारखा स्थिर, आणि घंटा वाजते. हे यंत्र धीर मोजत नव्हते, मामा. हातात कडे आहे की नाही एवढेच मोजत होते, आणि ते बघायला डोळे पुरतात.

सर आल्यावर मी त्यांना प्रयोग करून दाखवायचे ठरवले. अवतारसिंगला बोलावले. त्याची घंटा एकवीस वेळा वाजली. कडे त्याने काढायचे नसते, आणि मी तसे सुचवणारही नव्हते. मी माझा हातरुमाल त्याच्या कड्याभोवती घट्ट गुंडाळला आणि पुन्हा करायला सांगितले. घंटा दोन वेळा. मी सरांकडे पाहिले. सर विचार करून म्हणाले, "रुमालामुळे त्याला आधार वाटला असावा." मी शांत राहिले. (किती शांत, ते मोजायला तिथे चालू उपकरण नव्हते.) मग मी म्हटले, सर, आपण स्वतः एकदा बिनकड्याचे करा आणि एकदा माझे कडे घालून करा. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "सोनकांबळे, मी बांगड्या भरू?"

इथे माझा प्रयोग अडला. तारेमुळे नाही, बॅटरीमुळे नाही. अख्ख्या विभागात एक स्टीलचे कडे दोन मिनिटे मनगटात घालील असा पुरुष नव्हता म्हणून. आम्ही ते जन्मभर घालायचे, घातले नाही तर पारूबाई बोलणार, घातले तर घंटा वाजणार. त्यांनी दोन मिनिटे घातले तर इज्जत जाणार. दारात उभ्या असलेल्या दोन सहाय्यकांनी खिशात हात घातले. शेवटी व्यंकटी पुढे आले. म्हणाले, "आना इकडं, म्याडम. बायकू गेल्या साली दवाखान्यात व्हती तवा तिच्या पाटल्या म्याच घालून हिंडलो, हरवू नयेत म्हनून. कुनी मेलं न्हाई." त्यांनी माझे कडे घातले. मुठीतून जाईना तर साबण लावून घातले. घंटा बावीस वेळा. काढले, घंटा तीन. पुन्हा घातले, तेवीस. सर म्हणाले, "व्यंकटी नमुन्यात नाहीत." व्यंकटी म्हणाले, "तेबी खरंच हाय," आणि हात धुवायला गेले, पण नळाला पाणी नव्हते, म्हणून धोतराला पुसले.

मग मी बोलणे सोडून दिले. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा बरोबर नेला होता, तो उघड्या तारेवर चढवला आणि दोन्हीकडून दोऱ्याने बांधला. अवतारसिंगला रुमाल सोडून करायला सांगितले. घंटा तीन. व्यंकटींना कडे घालून करायला सांगितले, घंटा तीन. वसतिगृहातल्या सहा जणी बाहेर थांबल्या होत्या, त्यांना एकेक करून बोलावले, कडी हातात तशीच. सरासरी तीन. मुलग्यांची सरासरी चार होती, हे फलकावरच आहे. (सहा जणींवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मलाही मान्य. म्हणून मी काढलेला नाही.) हिप्परगे सर खुर्चीत बसले. प्रबंधाच्या चार प्रती टाईप होऊन बांधायला गेल्या आहेत आणि त्यांची स्वतःची तोंडी परीक्षा पंधरा एप्रिलला आहे, असे ते भिंतीकडे बघून म्हणाले. व्यंकटींनी त्यांना माठाच्या तळातले पाणी पेल्यात दिले. पेला धरलेला हात हलत होता. मी मोजला नाही. जरा वेळाने त्यांनी मला विचारले, "बाहेरचे परीक्षक आकडेवारी फार खोलात विचारतात का हो?" मला 'अहो' केलेले हे पहिलेच. मी म्हटले, तार उघडी होती हे तुम्हीच आधी सांगितलेत तर विचारायला उरणार नाही. त्यांनी प्राचार्यांना तसे एक टिपण लिहून दिले, सही करून. एवढे मान्य करायला हवे.

टिपण घेऊन मी काल कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले की पत्रे जावक क्रमांकाने गेली आहेत, गेलेला क्रमांक परत येत नाही, आणि त्याला उत्तर म्हणून संमतीपत्र आवक झाल्याशिवाय प्रकरण मिटत नाही. यंत्र चूक असले तरी पत्र बरोबर आहे. (तुम्ही याच खात्यातले आहात, तुम्हाला यात काही वावगे वाटणार नाही.) मी विचारले, आतापर्यंत किती संमतीपत्रे आवक झाली? त्यांनी रजिस्टर फिरवून दाखवले. पाच मुलग्यांच्या पालकांनी पत्र मिळाल्याच्या दिवशीच सही केलेली आहे. अवतारसिंगच्या वडिलांनी तर सहीशेजारी 'पगला है ये कॉलेज' असे लिहिले आहे. एक्केचाळीस मुलींपैकी आली आहेत नऊ. तेच यंत्र, तीच उघडी तार, तेच छापील पत्र. मुलग्याच्या बापाला वाटते की यंत्र बिघडले. मुलीच्या बापाला वाटते की मुलगी बिघडली. सरांना लिंगभेद शोधायचा होता ना? तो त्या रजिस्टरच्या पान अठरावर आहे, टाईप करायचीही गरज नाही. कंधारच्या एकीला तिचा भाऊ परवा येऊन घेऊन गेला. ती गणितात आमच्या वर्गात पहिली आहे. जाताना तिने कडे काढून पारूबाईंना परत दिले.

दादांना मी हे सर्व सविस्तर लिहिले आहे, आकृतीसह. ते वाचतील, घडी घालतील आणि म्हणतील की एवढा कागद भरून लिहिते म्हणजे पोरीला ताण आहेच. त्यांना भीती वाटते, मामा. भीतीला रबर चढवता येत नाही. तरी मला तुमच्याकडून काही नको आहे. घडलेली गोष्ट आपल्या घरात एका तरी माणसाकडे लेखी असावी आणि तो माणूस कागद नीट लावून ठेवणारा असावा, एवढ्यासाठी लिहिले. मामींना नमस्कार. बबनला सांगा की अपूर्णांकाला घाबरायचे कारण नाही, छेद सारखे केले की झाले.

तुमची भाची,
विशाखा

ता. क. सोबत संमतीपत्राची दुसरी प्रत जोडली आहे, ती मी कार्यालयातून मागून घेतली. प्रवेश-अर्जात दुसरे पालक म्हणून तुमचे नाव आहे, त्यामुळे तुमची सही चालते, हे मी नियम वाचून खात्री केली आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. ३१ तारखेला कार्यालय पाचला बंद होते. दादांच्या हाती पाठवू नये. त्यांना मी नंतर स्वतः सांगेन, तुम्ही मध्ये पडून पुन्हा चार महिने अबोला धरू नका.

ता. क. २. त्या सहा जणींत मी नव्हते, हे तुमच्या लक्षात आले असेलच. सर्व जण गेल्यावर, व्यंकटी चहाला गेले असताना, मी एकटीने यंत्रावर हात ठेवून पाहिला. तार बंदिस्त, कडे काढलेले. घंटा अकरा वेळा वाजली. चूक असेल म्हणून पुन्हा केले, नऊ. तिसऱ्यांदा बारा. तार पुन्हा तपासली, ती ठीक आहे. यंत्र आता बरोबर आहे. हे आकडे मी कुठेही लिहून ठेवलेले नाहीत आणि दादांना कळता कामा नयेत. त्यावरून बाकीच्या कशातही फरक पडत नाही.

ता. क. ३. पहिला पेपर सोमवारी ११ एप्रिलला आहे, सकाळी अकरा ते दोन. जयंतीच्या तयारीत तुम्ही असणार, हे मला ठाऊक आहे. परीक्षेच्या दालनाच्या खिडकीतून समोरचे लिंबाचे झाड आणि त्याखालचा पार दिसतो. त्या दिवशी तुमचे नांदेडला काही काम निघाले, तर तिथे बसता येईल, सावली असते. मला हात करू नये, पेपर कसा गेला ते विचारू नये, खायला काही आणू नये. काही काम नसेल, तर काढावे.